नाव बदलणे हे काम नव्हे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत काही आठवड्यांपूर्वी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलला, म्हणजे तिच्या गाभ्याच्या कोडला, हातभार लावणाऱ्या भारतीय प्रोग्रॅमरविषयी एक लेख आला होता. लेख एकंदरीत चांगला होता. आपल्याकडे या विषयावर इतके सविस्तर फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून लेखकाचे आभारच मानायला हवेत. मात्र त्यात जाता जाता मारलेला एक शेरा मला खटकला. कर्नलकडे जाणाऱ्या पॅचमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या प्रस्तावांत, फंक्शनांची (कोडच्या नाव दिलेल्या तुकड्यांची) नावे बदलण्यासारख्या किरकोळ गोष्टींचाच भरणा फार असतो आणि संख्या फुगवण्यापलीकडे त्यांना महत्त्व नसते, असा त्याचा आशय होता. गेली बावीस वर्षे मी पुण्यात डिव्हाइस ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) आणि त्यांच्याशी निगडित मेमरी व्यवस्थापनाचा कोड लिहिण्याचे व तपासण्याचे काम करतो. संख्या फुगवणारे पॅच असतात हे मी नाकारत नाही. टिप्पणीतला एक स्वल्पविराम दुरुस्त करून स्वतःला कर्नल डेव्हलपर म्हणवून घेणारे मीही पाहिले आहेत. परंतु मेमरी व्यवस्थापनातील हेल्पर फंक्शनांची नावे त्याच पंगतीत बसवणे हा त्या कामावर अन्याय आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. वाचकांच्या सोयीसाठी फंक्शनांची नावे देवनागरीत देतो, आणि मूळ नावात जिथे अधोरेषा आहे तिथे, तसेच वाचायला सोपे जावे म्हणून काही ठिकाणी एरवीही, जोडरेघ वापरतो.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. कर्नल संगणकाच्या मेमरीचे समान आकाराचे तुकडे पाडतो आणि त्यांना पाने म्हणतो. आपल्या नेहमीच्या लॅपटॉपवर एक पान 4096 बाइटचे असते, म्हणजे 16 जीबी मेमरीत 41,94,304 पाने झाली. यातल्या प्रत्येक पानामागे कर्नल 64 बाइटची एक नोंद ठेवतो; नुसत्या या खतावणीलाच 256 एमबी जागा लागते. पान कोणाकडे आहे, किती जणांनी धरून ठेवले आहे, ते डिस्कवर लिहायचे राहिले आहे का, असे प्रश्न सेकंदाला लाखो वेळा विचारले जातात. ते विचारण्यासाठी आणि नोंदींत फेरफार करण्यासाठी जी दोन-चार ओळींची फंक्शने असतात, त्यांना आमच्याकडे हेल्पर म्हणतात. एकेका हेल्परला शेकडो फाइलींतून हाक मारलेली, म्हणजे तिथे ते वापरलेले, असते. वाचणारा माणूस प्रत्येक वेळी त्याच्या पोटात शिरून पाहत नाही आणि पाहू लागला तर दिवसभरात एक फाइल वाचून होणार नाही. तो नाव वाचतो, त्यावर विश्वास ठेवतो आणि पुढच्या ओळीवर जातो. ते नाव दिशाभूल करणारे असेल, तर आतला कोड कितीही निर्दोष असला तरी चूक घडते, आणि ती घडते हाक मारणाऱ्याच्या हातून.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘के-झेड-फ्री’ या फंक्शनचे आहे. कर्नलमध्ये मेमरी मागण्यासाठी ‘के-मॅलॉक’ आहे, आणि मिळालेली मेमरी शून्यांनी भरून हवी असेल तर ‘के-झेड-अलॉक’ आहे. मधला झेड म्हणजे शून्य. मेमरी परत करण्यासाठी ‘के-फ्री’. याच धर्तीवर, परत करण्याआधी मेमरी पुसून टाकणाऱ्या फंक्शनचे नाव ‘के-झेड-फ्री’ ठेवले गेले. पासवर्ड किंवा गुप्त किल्ली ज्या मेमरीत होती, ती दुसऱ्या कोणाच्या हाती लागण्यापूर्वी स्वच्छ व्हावी, हा त्याचा उद्देश. नाव सुटसुटीत होते, जोडी जुळत होती, कानालाही बरे वाटत होते. घोटाळा नेमका त्या जोडीनेच केला. ‘के-झेड-अलॉक’ने घेतलेले ‘के-झेड-फ्री’नेच परत करायचे, असा काहींचा समज झाला, आणि जिथे काहीही गुप्त नव्हते तिथेही मेमरी पुसली जाऊ लागली. उलट, ‘के-मॅलॉक’ने घेतलेल्या मेमरीत किल्ली ठेवणाऱ्याला ‘के-झेड-फ्री’ आपल्यासाठी आहे असे वाटण्याचे कारण नव्हते, कारण त्याने झेडवाले काही घेतलेच नव्हते. 2020 मध्ये वेमन लाँग यांनी कर्नलभर फिरून हे नाव ‘के-फ्री-सेन्सिटिव्ह’ असे बदलले. त्या बदलाच्या नोंदीत लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचे म्हणणे दिले आहे. त्याचा मथितार्थ असा, की नावांतली समरूपता वापरातही समरूपता असेल तरच उपयोगाची, नाहीतर ती प्रत्यक्ष दिशाभूल करते. घेताना शून्ये हवीत ही घेणाऱ्याची गरज असते. परत करताना मेमरीत शून्ये भरली की आणखी काही, याच्याशी परत करणाऱ्याला कर्तव्य नसते, त्याला एवढेच सांगायचे असते की यात संवेदनशील मजकूर होता.

या बदलाची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. आता लगेच परत करायच्याच मेमरीत शून्ये कशाला भरायची, असा विचार करून हुशार कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) ती ओळ गाळून टाकू शकतो. त्यामुळे त्याच वेळी आतल्या कोडमध्येही, कंपायलरला वगळता येणार नाही अशा पुसण्याच्या फंक्शनचा वापर सुरू झाला. म्हणजे हे फंक्शन कशासाठी आहे याचा नावाच्या निमित्ताने नीट विचार झाला, आणि त्यासोबत त्याचे वागणेही तपासले गेले. माझा अनुभव असा आहे की चांगल्या नामांतराच्या पॅचमध्ये हे हमखास घडते. नाव बदलायला बसलेल्या माणसाला प्रत्येक हाक उघडून पाहावी लागते, आणि त्या उघडून पाहण्यातच जुने बग सापडतात.

आता माझ्या स्वतःच्या कामातली एक गोष्ट सांगतो. 2016 च्या सुमारास मी एका कंपनीत होतो. कारखान्यातल्या पट्ट्यावरून सरकणाऱ्या सुट्या भागांचे फोटो घेऊन दोष शोधणारे एक यंत्र आम्ही बनवत होतो. कॅमेऱ्याचे चित्र 1920 गुणिले 1080, प्रत्येक बिंदूला दोन बाइट, म्हणजे एका चित्राला 41,47,200 बाइट, म्हणजेच 1013 पाने. अॅप्लिकेशन आपल्या मेमरीतला एक बफर (चित्रासाठी राखलेली जागा) द्यायचे, ड्रायव्हर ‘गेट-युजर-पेजेस’ला हाक मारून ती पाने धरून ठेवायचा, कॅमेऱ्याचे हार्डवेअर त्यांत थेट चित्र ओतायचे आणि मग ड्रायव्हर पाने सोडायचा. सगळे सुरळीत चाले. फक्त दर दहा-बारा दिवसांनी यंत्राची मेमरी संपायची आणि पट्टा थांबायचा. ऑपरेटर अॅप्लिकेशन बंद करून पुन्हा सुरू करत, तरी मेमरी परत मिळत नसे. यंत्रच बंद करून चालू केले की सगळे ठीक. कोणत्याही प्रोसेसच्या (चालू प्रोग्रॅमच्या) नावावर ती मेमरी दिसत नव्हती. आम्ही आठवडाभर अॅप्लिकेशन लिहिणाऱ्यांशी भांडलो, आणि ते अर्थातच आमच्याशी.

चूक निघाली ती आमच्या ड्रायव्हरमध्ये, आणि तीही नेहमीच्या वाटेवर नव्हे. कॅमेऱ्याकडून वेळेत चित्र आले नाही तर ड्रायव्हर टाइमआउट म्हणून एरर परत करत असे, आणि त्या वाटेवर पाने सोडण्याची ओळच नव्हती. अॅप्लिकेशन जुना बफर टाकून नवा घ्यायचे, जुन्या बफरची 1013 पाने मात्र ‘कोणीतरी धरून ठेवली आहेत’ या नोंदीमुळे कायमची अडकून पडायची. प्रत्येक टाइमआउटला सुमारे चार एमबी. ज्या तरुण सहकाऱ्याने तो भाग लिहिला होता, त्याला मी विचारले तेव्हा त्याने दिलेले उत्तर माझ्या कायमचे लक्षात राहिले: “सर, गेट म्हणजे फक्त पाने मिळवली ना? पाने त्या प्रोसेसचीच आहेत, मग आपण परत काय द्यायचे?” यशाच्या वाटेवरची पाने सोडण्याची ओळ त्याने दुसऱ्या ड्रायव्हरमधून उतरवून घेतली होती, तिचे कारण त्याला ठाऊक नव्हते. मी त्याला दोष देऊ शकलो नाही. ‘गेट’ या शब्दात उसनवारी सुचत नाही. कर्नलच्या बोलीत ‘गेट’ म्हणजे पान किती जणांनी धरले याची मोजणी एकने वाढवणे आणि ‘पुट’ म्हणजे ती एकने कमी करणे, हे मुरलेल्या माणसाला ठाऊक असते. पण शब्दकोश पाहिला तर ‘पुट’ म्हणजे ठेवणे, आणि ‘पुट-पेज’ हे सोडून देण्याचे नाव आहे असे कोणालाही वाटणार नाही. त्यातही मराठी माध्यमातून शिकून आलेला मुलगा इंग्रजी शब्दाचा शिकलेला अर्थच धरून चालणार, तिथली वहिवाट त्याला कोण सांगणार?

2020 मध्ये कर्नलच्या 5.6 या आवृत्तीत ‘पिन-युजर-पेजेस’ हे नवे फंक्शन आले आणि त्याच्या जोडीला ‘अनपिन-युजर-पेजेस’. ते केवळ नामांतर नव्हते हे मी प्रांजळपणे सांगतो. हार्डवेअर ज्या पानांत थेट लिहिणार आहे ती आणि ज्यांची कर्नलने नुसती नोंद धरली आहे ती, यांत फरक करता येत नव्हता आणि त्यामुळे फाइल सिस्टिमच्या बाजूला खरे घोटाळे होत होते, ते सोडवण्यासाठी ही वेगळी वाट काढली गेली. पण त्या कामाचा गाभा हाच होता, की एकाच नावाखाली दोन वेगळ्या गरजा नांदत होत्या. ‘पिन’ म्हटल्यावर नवख्याच्याही डोळ्यांपुढे टाचणी येते, आणि टोचलेली टाचणी कधीतरी काढावी लागते हे वेगळे शिकवावे लागत नाही.

याच कामातले आणखी एक नाव मला फार आवडते. एखादे पान अशा रीतीने टाचलेले आहे का हे विचारणाऱ्या हेल्परचे नाव ‘पेज-मेबी-डीएमए-पिन्ड’ असे ठेवले गेले (डीएमए म्हणजे हार्डवेअरने मेमरीत थेट लिहिणे-वाचणे). यातला ‘मेबी’, म्हणजे ‘कदाचित’, हा शब्द कोणाला विनोदी वाटेल. त्यामागचे कारण असे: सुट्या पानाच्या नोंदीत टाचणीसाठी वेगळा रकाना ठेवायला जागा नव्हती, म्हणून टाचताना मोजणी 1 ने न वाढवता 1024 ने वाढवायची असे ठरले. मोजणी 1024 किंवा त्याहून अधिक दिसली की पान टाचलेले असावे. परंतु एखादे पान साध्याच रीतीने हजाराहून अधिक ठिकाणांहून धरलेले असेल तर तेही टाचलेले वाटणार. फंक्शन ‘नाही’ म्हणाले तर नक्की नाही. ‘होय’ म्हणाले तर बहुधा होय. ही मर्यादा लिहिणाऱ्याने टिप्पणीत दडवली नाही, नावातच उघड केली, त्यामुळे हाक मारणारा प्रत्येक जण ती वाचूनच पुढे जातो. इतके प्रामाणिक नाव सरकारी योजनांना मिळाले असते तर आपल्या दैनिकाचे निम्मे काम हलके झाले असते.

नेमके उलटे उदाहरण ‘अॅक्सेस-ओके’चे आहे. नाव वाचून वाटते की या पत्त्यावरची मेमरी वाचायला किंवा लिहायला परवानगी आहे आणि सगळे ठीक आहे. प्रत्यक्षात हे फंक्शन एवढेच पाहते, की दिलेला पत्ता वापरकर्त्याच्या हद्दीतला आहे, कर्नलच्या हद्दीतला नाही. तिथे पान आहे की नाही, त्यावर लिहिता येते की नाही, यातले ते काहीच सांगत नाही. त्यात भर म्हणून वाचायचे की लिहायचे हे सांगणारा एक पॅरामीटरही त्याला अनेक वर्षे द्यावा लागे. मूळच्या 386 प्रोसेसरवर कर्नलच्या लिखाणाला पानाची लेखनबंदी लागू होत नसे, त्या काळाचा तो अवशेष होता, आणि त्यामुळे परवानगीची तपासणी होते हा गैरसमज आणखी पक्का होई. तो पॅरामीटर 2019 च्या जानेवारीत काढला गेला.

हीच तपासणी राहून गेली तर काय होते, याचा धडा 2017 मध्ये मिळाला होता. त्या वर्षी 4.13 या आवृत्तीत ‘वेट-आयडी’ हा सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे काम मागण्याची एक वाट) जलद पद्धतीने लिहिला गेला. या पद्धतीत ‘युजर-अॅक्सेस-बिगिन’ने दार उघडायचे, ‘अनसेफ-पुट-युजर’ने लिहायचे आणि मग दार लावायचे. दार उघडणाऱ्या फंक्शनच्या नावावरून पत्त्याची तपासणी ते करते की आधी आपण करायची, हे कळत नव्हते. ती आपण करायची होती, आणि ती राहिली. परिणामी कोणताही साधा प्रोग्रॅम कर्नलच्याच मेमरीचा पत्ता देऊन तिथे लिहून घेऊ शकत होता. ही त्रुटी लगोलग बुजवली गेली. पुढे 2019 मध्ये दार उघडणाऱ्या फंक्शनमध्येच तपासणी घालण्यात आली, म्हणजे इथे नावाचा जो अर्थ सगळे गृहीत धरत होते त्या अर्थाला साजेसे वागायला फंक्शनलाच लावले. हाही उपाय तितकाच योग्य आहे. ‘अनसेफ’ हा शब्द नावात असूनही चूक झालीच, तर मग चांगल्या नावाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे, की ‘असुरक्षित’ एवढे सांगून भागत नाही, कशापासून असुरक्षित हे कळले पाहिजे.

मोठ्या पानांच्या बाबतीतला गोंधळ थोडक्यात सांगतो. 4096 बाइटांऐवजी एकदम 2 एमबीचे पान वापरण्याची सोय आहे, आणि पेज टेबलातली (कोणत्या पत्त्यामागे कोणते पान हे सांगणाऱ्या कोष्टकातली; ‘पीएमडी’ हा त्याचा एक स्तर) एखादी नोंद अशा मोठ्या पानाची आहे का हे विचारण्यासाठी बराच काळ ‘पीएमडी-ह्यूज’, ‘पीएमडी-ट्रान्स-ह्यूज’, ‘पीएमडी-लार्ज’ आणि ‘पीएमडी-लीफ’ अशी चार फंक्शने नांदत होती. पहिले एका विशिष्ट यंत्रणेच्या मोठ्या पानांपुरते, दुसरे वेगळ्या यंत्रणेच्या पानांसाठी आणि उरलेली दोन्ही कोणत्याही मोठ्या पानासाठी. इंग्रजीत ‘लार्ज’ मोठे की ‘ह्यूज’ मोठे हे ठाऊक असून इथे काहीच उपयोग नव्हता. 2024 मध्ये पीटर शू यांनी ही गर्दी कमी करत ‘लार्ज’ आणि ‘ह्यूज’ दोन्ही निकालात काढून ‘लीफ’ कायम ठेवले. पेज टेबल हे एक झाड, त्यात जिथे खाली आणखी फांदी नाही ती नोंद म्हणजे पान, असा तो अर्थ. मराठीत मात्र यावर हसूच येईल, कारण ‘पेज’ही पान आणि ‘लीफ’ही पान, वर्गात हा भाग मराठीतून समजावताना माझी जीभ दर वेळी अडखळते.

जुने नाव तसेच ठेवून अर्थ बदलला तर काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. हे उदाहरण फंक्शनचे नाही, एका स्थिरांकाचे आहे, पण मुद्दा तोच आहे. कर्नल पाने 1, 2, 4, 8 अशा दुपटीच्या गठ्ठ्यांनी देतो आणि त्या दुपटीच्या पायरीला ऑर्डर म्हणतात. ‘मॅक्स-ऑर्डर’ची नेहमीची किंमत 11 होती. कोणीही समजेल की सर्वांत मोठी पायरी 11. प्रत्यक्षात ती 10 होती, म्हणजे 1024 पाने किंवा 4 एमबी. 11 ही पायऱ्यांची संख्या होती, कारण मोजणी शून्यापासून सुरू होते. ‘कमाल’ म्हणवणारी किंमत कमालीपेक्षा एकने जास्त. यामुळे कर्नलच्या वेगवेगळ्या भागांत एका घराने चुकलेल्या तुलना लिहिल्या गेल्या होत्या. 2023 मध्ये 6.4 या आवृत्तीत किरिल शुतेमोव्ह यांनी त्याचा अर्थ नावाला शोभेल असा केला, किंमत 10 झाली. इथवर उत्तम. पण नाव तेच राहिल्याने नवा अर्थ गृहीत धरून लिहिलेला कोड जुन्या आवृत्तीत नेला, किंवा जुना नव्यात आणला, तर कंपायलर निमूटपणे तो स्वीकारी आणि चूक मागाहून उगवे. अखेर 6.8 मध्ये नावच ‘मॅक्स-पेज-ऑर्डर’ केले गेले. जुने नाव वापरणारा कोड आता कंपाइलच होत नाही, आणि असे मोडून पडणे हाच इथे त्या पॅचचा उपकार आहे. ज्यांनी आपल्या ड्रायव्हरमध्ये रात्री दोन वाजता ही एरर पाहिली असेल, त्यांना तो उपकार तेव्हा वाटला नसेल, हे मला मान्य आहे.

आणि इथेच लेखकाच्या बाजूने बोलण्यासारखेही काही आहे. नाव बदलण्याला किंमत मोजावी लागते. जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना प्रत्येक दुरुस्ती नव्याने बसवावी लागते, कंपनीतला स्वतःचा कोड मोडतो, वीस वर्षे बोटांत बसलेले नाव विसरावे लागते. 2020 मध्ये ‘एमएमॅप-सेम’ या कुलुपाचे (मेमरीच्या नोंदी एका वेळी एकानेच बदलाव्यात यासाठीचे; ‘सेम’ हे त्याच्या बनावटीचे नाव) नाव ‘एमएमॅप-लॉक’ झाले आणि ते थेट न वापरता ‘एमएमॅप-रीड-लॉक’सारख्या हेल्परमधूनच वापरायचे असे ठरले, तेव्हा कर्नलभर पसरलेल्या जागा हाताने बदलणे शक्यच नव्हते, त्यासाठी कोडचे नमुने ओळखून बदलणारे कॉक्सिनेल हे साधन वापरावे लागले. ते नामांतर मला योग्य वाटते, कारण कुलूप कोणत्या बनावटीचे आहे हे नावात सांगितले की उद्या बनावट बदलणे कठीण होते. मात्र मॅथ्यू विलकॉक्स यांनी पानांच्या गठ्ठ्यासाठी ‘फोलिओ’ हा नवा प्रकार आणला तेव्हा त्या शब्दावरच इतका काथ्याकूट झाला, की काही काळ मूळ कामाची गुणवत्ता बाजूलाच पडली. 5.15 मध्ये येऊ पाहणारे ते काम 2022 च्या जानेवारीत आलेल्या 5.16 मध्ये दाखल झाले. त्याचा मुख्य लाभ असा, की फंक्शनच्या हाती ‘फोलिओ’ आला तर तो गठ्ठ्याच्या मधले सुटे पान नसणार याची खात्री प्रकारातूनच मिळते. पूर्वी ती प्रत्येक हेल्परला आत पुन्हा पुन्हा करून घ्यावी लागे. शब्द कोणता, यावर महिनोन्‌महिने घालवायला नको होते, असे माझे आजही मत आहे.

काही नावे चुकीची आहेत हे सर्वांना ठाऊक असूनही ती बदलली गेलेली नाहीत. आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात एक प्रश्न देतो, शाळेतल्या ‘जोड्या जुळवा’सारखा. डावीकडे मेमरी घेणारी दोन फंक्शने: ‘अलॉक-पेजेस’ आणि सुरुवातीला दोन अधोरेषा असलेले ‘गेट-फ्री-पेजेस’. उजवीकडे परत करणारी दोन: साधे ‘फ्री-पेजेस’ आणि दोन अधोरेषांचे ‘फ्री-पेजेस’. सगळी मुले साध्याला साधे आणि अधोरेषेला अधोरेषा जोडतात, आणि सगळी चुकतात. ‘अलॉक-पेजेस’ पानाची नोंद परत देते, आणि नोंद स्वीकारते ते अधोरेषांचे ‘फ्री-पेजेस’. अधोरेषांचे ‘गेट-फ्री-पेजेस’ पत्ता देते, आणि पत्ता स्वीकारते ते साधे ‘फ्री-पेजेस’. जोड्या तिरक्या आहेत. दोन अधोरेषा म्हणजे ‘हे आतले फंक्शन आहे, जपून वापरा’ असा सर्वसाधारण संकेत. इथे त्या फक्त प्रकारातला फरक दाखवतात. चुकीचे वापरले तर कंपायलर कुरकुर करतो, पण मी एकदा एका मुलाला ती कुरकुर बंद करण्यासाठी नोंदीवर पत्त्याचा कास्ट चढवताना (हा पत्ताच आहे असे कंपायलरला बळेच सांगताना) प्रत्यक्ष पाहिले आहे. कुरकुर थांबली. ‘फ्री-पेजेस’ने तो आकडा पत्ता समजून त्यावरून भलत्याच पानाची नोंद शोधली असती, मी त्याचा हात धरला म्हणून मशीन वाचले. ही नावे बदलायची तर हाका इतक्या ठिकाणी आहेत, आणि पुस्तकांत व कर्नलबाहेरच्या ड्रायव्हरांत ती इतकी रुजली आहेत, की त्यांना हात न लावण्याचा निर्णय मी समजू शकतो. पण तो निर्णय आहे, आणि त्याची किंमत दरवर्षी नवी मुले चुकून भरतात.

कर्नलच्या स्वतःच्या कोडिंग शैलीच्या दस्तऐवजात, चालू वापरकर्ते मोजणाऱ्या फंक्शनला ‘काउंट-अॅक्टिव्ह-युजर्स’ म्हणावे, ‘सीएनटी-यूएसआर’ म्हणू नये, असा सल्ला आहे. तो दस्तऐवज आमच्या महाविद्यालयांतून ऑपरेटिंग सिस्टिम शिकवताना क्वचितच उघडला जातो. तिथे पेजिंगचे अल्गोरिदम पाठ करून घेतात, प्रयोगवहीत फंक्शनांना ‘एफ-वन’, ‘एफ-टू’ म्हटले तरी पूर्ण गुण मिळतात, आणि मग आमच्याकडे आल्यावर पॅच नुसत्या नावावरून परत गेला की मुलांना अपमान वाटतो.

माझी आपल्याला विनंती एवढीच, की त्या लेखाचा पुढील भाग प्रसिद्ध होणार असल्यास लेखकाने ‘के-झेड-फ्री’चे ‘के-फ्री-सेन्सिटिव्ह’ करणाऱ्या पॅचची नोंद स्वतः उघडून वाचावी आणि ती खऱ्या कामात धरायची की नाही हे ठरवावे. नोंद लहान आहे, एक कप चहा संपायच्या आत वाचून होते. त्याखाली बदललेल्या फाइलींची यादी आहे. ती मात्र बरीच लांब आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे